घर-शिवार : भाकरीविना जेवण आणि लागणीचा आठवडा



सध्या उन्हाळी कांद्याच्या लागणीची धांदल चालू आहे. रोपे उपटायची, वाफे भिजवायचे, मजूर मिळाले तर ठीक, नाही तर सावडीने एकमेकींच्या रानात जायचे. सकाळी आठाला घर सोडलेली बाई दिवस मावळताना परत येते, आणि आल्यावर चूल तिचीच वाट पाहत असते. अशा दिवसांत शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी एका वस्तीवर जाणे झाले. गेलो होतो रोपावरचा करपा पाहायला, आणि बसलो स्वयंपाकघराची तक्रार ऐकत.

घरात सहा माणसे. म्हातारी आक्का, अण्णा, त्यांचा मुलगा, सून आणि दोन शाळकरी मुले. अण्णांना चार वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. मुलगा कारखान्यात कामाला जातो. त्याने मोबाईलवर पाहून ठरवले की आजपासून अण्णांचे आणि आपले जेवण ‘पॅलिओ’. म्हणजे भाकरी नाही, भात नाही, डाळ नाही, दूध नाही, साखर नाही. मांस, मासे, अंडी, भाजीपाला, फळे आणि तेलबिया एवढेच खायचे. सून म्हणाली, “साहेब, ह्यांचं एक रांधायचं आणि पोरांचं अन् आमचं एक. दोन-दोन स्वयंपाक करून मी लागणीला कधी जायचं, ते तुम्हीच सांगा.”

मी मुलाला काही सांगणार, एवढ्यात आक्कांनी खरी गोष्ट सांगितली. भाकरी सोडून पाचवी रात्र होती. थ्री फेजची वीज रात्रीची, म्हणून अण्णा दोन वाजता वाफ्यांना पाणी द्यायला गेले. बारे मोडता मोडता त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या मोटारीवर एकजण होता. त्याने चहासाठी ठेवलेला गुळाचा खडा तोंडात घातला म्हणून निभावले. जेवणातली भाकरी एकदम गेली, पण साखर उतरवणारी गोळी तेवढीच राहिली. मग दुसरे काय होणार?

म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी-भात एकदम बंद करू नये. जेवण बदलले की औषधाची मात्राही बदलावी लागते, आणि ती डॉक्टरांनीच बदलायची असते. घाम, कापरे, घेरी अशी लक्षणे दिसली तर तीन चमचे साखर किंवा तेवढाच गूळ पाण्यात विरघळवून लगेच द्यावा. बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नये, सरळ दवाखाना गाठावा. ज्यांची मूत्रपिंडे दुखावलेली आहेत, त्यांनीही अंडी-मांस मनाने वाढवू नये.

आता हे पॅलिओ काय आहे ते पाहू. पॅलिओलिथिक म्हणजे पुराश्मयुग, दगडाची हत्यारे वापरणाऱ्या माणसाचा काळ. वॉल्टर व्होग्टलिन नावाच्या अमेरिकन पोटविकारतज्ज्ञाने 1975 साली या आहारावर पुस्तक लिहिले. 1985 मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघांनी एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. 2002 साली लॉरेन कॉर्डेन या प्राध्यापकांचे पुस्तक निघाले आणि तेथून हे खूळ म्हणा, पद्धत म्हणा, जगभर गेली. म्हणणे असे की शेती सुरू होऊन फार तर दहा-बारा हजार वर्षे झाली. त्याआधी लाखो वर्षे माणूस शिकार, कंदमुळे आणि फळे खात होता. आपले शरीर अजून त्याच अन्नासाठी घडलेले आहे, सबब धान्य सोडा.

हे म्हणणे पूर्ण खरे नाही. इस्राएलमध्ये गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो नावाची जागा आहे. तेथे सुमारे तेवीस हजार वर्षांपूर्वीचे रानटी सातू आणि गव्हाचे दाणे सापडले आहेत. म्हणजे पेरणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी माणूस धान्य गोळा करून खात होता. आणि आज पॅलिओ म्हणून जे ताटात येते ते तरी कुठे अश्मयुगातले असते? कोबी, फ्लॉवर, नवलकोल ही एकाच रानटी झाडापासून माणसाने निवड करून काढलेली पिके. टोमॅटो, मिरची, रताळे तर अमेरिकेतून आलेले. ब्रॉयलर कोंबडीविषयी न बोललेले बरे.

त्या वस्तीपासून फार लांब नाही, घोड नदीच्याच काठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकऱ्यांचे गाव. अश्मयुगातले नव्हे, त्यानंतरचे, ताम्रपाषाण काळातले. ती माणसे सातू पिकवत, कडधान्ये खात, गुरे-मेंढरे पाळत आणि हरणाची शिकारही करत. शेवटच्या काळात शेती हटली तेव्हा त्यांचा भर शिकारीवर आणि मेंढरांवर वाढला, असे उत्खननकारांनी मांडले आहे. जसे पिकले तसे खाल्ले, असा तो व्यवहार होता. मुलाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग अण्णांची साखर भाकरीनं वाढत नाही का?” प्रश्न वाजवी होता.

वाढते. भाकरीची रास आणि सोबत चिमटीभर भाजी, असे आपले ताट झाले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दोन हजार उष्मांकांच्या जेवणात धान्य 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम आणि डाळी-अंडी-मांस मिळून 85 ग्रॅम असा हिशेब आहे. सहा माणसांच्या घरात रोज दोन किलोंच्या वर भाजी लागेल. आपल्याकडे सहा माणसांत अर्ध्या किलोची भाजी होते आणि उरलेले पोट भाकरी, भात आणि चहा-बिस्किटांवर भरते. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हटले तरी दिवसाला पन्नास ग्रॅम साखर झाली. पॅलिओवाले साखर, मैदा, बिस्किटे, फरसाण, बाटलीतली गोड पेये बंद करायला सांगतात, ते सोळा आणे खरे आहे. त्या आहाराच्या ज्या लहान आणि थोड्या दिवसांच्या चाचण्या झाल्या, त्यांत लोकांचे वजन आणि कंबरेचा घेर कमी झालेला दिसला. त्यात मोठा वाटा या वस्तू बंद झाल्याचाही असावा, असे माझे मत.

पण पूर्ण पॅलिओ शेतकऱ्याच्या घरात कसे बसत नाही, ते आकड्यांत पाहा. एका भाकरीला साठ ग्रॅम बाजरीचे पीठ धरले तर चार भाकरींचे सुमारे आठशेतीस उष्मांक होतात. एका अंड्याचे सत्तर. म्हणजे चार भाकरी काढल्या तर त्यांच्या जागी बारा अंडी घालावी लागतील! गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. दहा कोंबड्या असल्या तर आठवड्याला बारा-तेरा अंडी. दहा कोंबड्यांची आठवड्याची अंडी एका माणसाच्या एका दिवसाच्या भाकरीला गेली. वनराज, गिरिराज या जाती याहून पुष्कळ जास्त अंडी देतात, तरीही हिशेब जुळत नाही. कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साडेतीन हजारांच्या आसपास आणि बाईला सत्तावीसशे उष्मांक लागतात. लागणीच्या दिवसांत कमरेत वाकून काम करणाऱ्या सुनेने भाकरी सोडली तर ती चौथ्या दिवशी वाफ्यात बसेल.

माळकरी घराने तर या वाटेला जाऊच नये. डाळ नाही, दूध नाही आणि मांसाहारही नाही, मग खायचे काय? त्यांनी मटकी, हुलगा, मूग यांची उसळ मुख्य धरावी, दही-ताक ठेवावे आणि भाकरी एकाने कमी करावी.

तर आम्ही त्या ओट्यावर बसून असे ठरवले. चूल एकच, भांडे एकच. सकाळी रानात नेण्याची भाकरी नेहमीप्रमाणे होईल. संध्याकाळी मात्र भाजी, अंडी, मासळी यांचे असे कालवण करायचे की ते नुसते खाऊनही पोट भरेल. ज्याला हवी त्याने सोबत भाकरी घ्यावी, ज्याचे वजन उतरवायचे आहे त्याने अर्धी घ्यावी किंवा घेऊ नये. अण्णांनी डॉक्टरांना भेटेपर्यंत नेहमीएवढीच भाकरी खावी, आणि रात्री पाण्यावर जायचे असेल तेव्हा भाकरी खाल्ल्याशिवाय घर सोडू नये.

आठवडा मोजायचा तो बाजाराच्या वारापासून. भाजी घेतानाच कोणती आधी संपवायची याचा क्रम मनात धरावा. पालेभाजी दोन दिवस टिकते, वांगी, फ्लॉवर, गवार तीन-चार दिवस, आणि कोबी, लाल भोपळा, सुरण, रताळी आठवडाभर. बायका बहुधा आवडीप्रमाणे रांधतात, मग चौथ्या दिवशी मेथी पिवळी पडते आणि भोपळा तसाच राहतो. पालेभाजी आणल्यावर धुऊ नये. निवडून, ओलसर सुती फडक्यात सैल गुंडाळून, टोपलीत गार जागी ठेवावी. धुवायची ती चिरायच्या आधी. आणि निवडण्याचे काम एकटीने करण्याचे कारण नाही. टीव्हीपुढे बसलेल्या माणसाच्या मांडीवर मेथीची जुडी ठेवली तर ती बातम्या संपेपर्यंत निवडून होते. मुलाने त्याच संध्याकाळी दोन जुड्या निवडल्या. देठ जरा जास्त राहिले, पण निवडल्या.

बाजाराच्या रात्री वाटण करून ठेवावे. चार कांदे आणि अर्धी वाटी सुके खोबरे चांगले खरपूस भाजून, लसणाचा एक गड्डा, आले आणि दोन चमचे भाजलेले तीळ घालून, पाणी न घालता वाटावे. फ्रिज असेल तर डब्यात तीन-चार दिवस सहज राहते. फ्रिज नसेल तर ओले वाटण दुसऱ्या दिवसापुरतेच करावे आणि पुढे घरच्या कांदा-लसूण मसाल्यावर भागवावे. शेंगदाणा पॅलिओत चालत नाही, कारण तो कडधान्याच्या कुळातला. म्हणून मुलाने कूट बंद केले होते. मी म्हटले, मधुमेहासाठी शेंगदाणा सोडायचे काही कारण नाही, मूठभर खा. तीळ मात्र दोन्हीकडे चालतात. ज्या घरात दूध बंद करायचे म्हणतात, तेथे कॅल्शियमसाठी तीळ, पालेभाजी आणि काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी हवीच.

बाजाराच्या दिवशी धरणाची ताजी मासळी मिळते, चिलापी किंवा रोहू. ती त्याच रात्री संपवावी. हळद, मीठ, चिंचेचा कोळ लावून थोडा वेळ ठेवावी आणि वाटणाच्या पातळ रश्शात दहा मिनिटे शिजवावी. सोबत मेथी लसणावर परतून. कोंबडी आणली तर किलोभर एकदमच शिजवावी. अर्धी त्या रात्री, अर्धी रश्शातून काढून, निववून फ्रिजमध्ये. दुसऱ्या रात्री त्याच भांड्यात दुधीच्या किंवा कोबीच्या मोठ्या फोडी टाकून खळखळून उकळावे, म्हणजे अर्ध्या किलो मांसात सहा जणांचे कालवण होते. फ्रिज नसेल तर एका रात्रीपुरतीच आणावी. उरलेला रस्सा उकळी आणल्याशिवाय कधीही वाढू नये.

तिसरी रात्र अंड्यांची. कांदा आणि टोमॅटो तेलावर मऊ होईपर्यंत परतावेत, मसाला घालावा, त्यात सकाळीच उकडून ठेवलेली अंडी चिरून सोडावीत. फ्रिज नसेल तर अंडी कच्चीच ठेवावीत आणि रश्शातच फोडून, झाकण ठेवून, पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवावीत. पंधरा मिनिटांचे काम. रानातून आल्यावर तेवढेच त्राण उरलेले असते.

मधे कोणाचा तरी उपवास येतोच. गंमत पाहा, ज्या घरात एकादशीला धान्य आणि डाळ चालत नाही, त्या घराला पॅलिओची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे! फक्त आपण त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खातो, आणि साबुदाणा म्हणजे कंदाचे नुसते पिठूळ. भगर हेही धान्यच आहे, नाव वेगळे एवढेच. सुरणाच्या फोडी आमसूल घालून उकडाव्यात आणि तुपाजिऱ्यावर परताव्यात, काकडीची कोशिंबीर आणि एखादा पेरू घ्यावा. रताळे चांगले, पण साखरेच्या माणसाने अर्धेच.

त्यापुढच्या दिवसांत ताजी भाजी संपत येते आणि लागण अर्ध्यावर असते. तेव्हा उपयोगी पडते सुकट. बाजारात जवळा, सुकट, सुके बोंबील मिळतात. ते घट्ट डब्यात, फ्रिजशिवाय, पुष्कळ दिवस टिकतात. मूठभर जवळा निवडून, तव्यावर कोरडा भाजून, दोन-तीन पाण्यांतून चोळून धुवावा, म्हणजे रेती आणि जादा मीठ निघून जाते. मग भरपूर कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि वांग्याच्या फोडी घालून झाकण ठेवून शिजवावा. रक्तदाबाच्या माणसाने वरून मीठ घालू नये आणि हे कालवण आठवड्यातून एकदाच खावे.

दुसऱ्या दिवशी भरीत. चुलीत निखारे असतातच, त्यांत वांगी, टोमॅटो आणि दोन कांदे सोडून द्यावेत आणि आपण हातपाय धुऊन यावे. सोलून ठेचले, कच्चा पातीचा कांदा, कोथिंबीर आणि तिळाचे कूट घातले की झाले. त्यावर दोन अंडी फोडून परतली तर मुले आवडीने खातात. हरभऱ्याचे रान असेल तर कोवळ्या पाल्याचा घोळाणा बरोबर घ्यावा. पॅलिओवाले हरभरा वर्ज्य म्हणतात, पाल्याला त्यांची हरकत नसावी!

शेवटच्या दिवशी टोपलीत उरलेले सगळे, भोपळा, कोबी, एखादे गाजर, मुळ्याचा पाला, एकाच कढईत तीळ घालून शिजवावे. भोगीची भाजी जिला येते तिला हे शिकवायला नको.

परसात एक शेवगा, मोरीच्या पाण्यावर अळू, एक कढीपत्ता आणि एक लिंबू एवढे असले तरी बाजारावरचा भार कमी होतो. शेवग्याचा कोवळा पाला पालेभाजीसारखाच परतून होतो आणि तो ऐन उन्हाळ्यातही मिळतो. तेलाच्या बाबतीत करडई आणि शेंगदाण्याचे तेल सोडून महागडी बाटली आणण्याची काही गरज नाही. माणशी दिवसाला पाच-सहा चहाचे चमचे, याहून जास्त नको.

बारा दिवसांनी करपा बघायला पुन्हा त्या वस्तीवर गेलो. अण्णा तालुक्याला जाऊन आले होते. डॉक्टरांनी रक्त तपासून रात्रीच्या गोळीत बदल केला आणि संध्याकाळची भाकरी दीडवर आणली. मुलगा संध्याकाळी भाकरी खात नाही, पण सकाळच्या डब्यात दोन नेतो. कारखान्यात भोवळ आली होती, ते त्याने मला हळूच सांगितले. चहा घरात आता दोन वेळा होतो, त्यावर आक्कांची नाराजी आहे. सुनेला विचारले, स्वयंपाकाचे कसे काय? ती लागणीलाच निघाली होती. डोक्यावर रोपाची पाटी होती. म्हणाली, “एकच करते साहेब. पण भाजी लय लागती. तेवढी दोन वाफे मेथी टाकायची, बियाणं कुठलं आणू ते सांगा.”

रोपावरचा करपा आटोक्यात होता. मेथी टाकायची तर कसुरीपेक्षा साधी मेथी लवकर, तीस दिवसांच्या आसपास काढणीला येते. दोन्ही वाफे एकदम टाकू नका. दर आठ-दहा दिवसांनी अर्धा वाफा टाका, म्हणजे प्रत्येक बाजारामागे ताजी जुडी घरचीच मिळेल.